तारेजवळचे काम थांबवले म्हणून लावलेल्या आयडल चार्जबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बूम लिफ्ट भाडे विभाग

विषय : बिलातील आयडल चार्ज (यंत्र काम न करता उभे राहिल्याचा आकार) रद्द करून सुधारित बिल पाठवण्याबाबत.

महोदय,

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या शेडच्या पन्हळी पावसाळ्यापूर्वी बदलण्यासाठी माणसांना बास्केटमधून उंचावर नेणारी आपली बूम लिफ्ट ऑपरेटरसह एका दिवसाकरिता भाड्याने घेतली होती. काल आलेल्या बिलात पूर्ण भाड्याशिवाय साडेपाच तासांचा आयडल चार्ज लावला असून, त्यापुढे ‘ग्राहकाने काम थांबवले’ असा शेरा आहे. काम मी थांबवले हे खरे; ते का थांबवावे लागले हे बिलात नाही, म्हणून हे पत्र.

शेडच्या मागून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) उघडी वीज लाईन जाते. आपले प्रतिनिधी जागा पाहायला आले तेव्हा त्यांनी फाटकाची रुंदी मोजली, जमीन टणक आहे का तेही पाहिले, पण मान वर केली नाही. (लाईनचा विषय मीही काढला नाही, तेवढी चूक माझी.) त्या दिवशी बास्केट मागच्या कोपऱ्याकडे वळली तेव्हा हेल्परच्या हातातली दहा फुटी पन्हळ निम्मी कठड्याबाहेर आली होती आणि तिचे टोक तारेपासून जेमतेम चार-पाच फुटांवर होते. वळिवाचा वारा सुटल्याने तारा झोके घेत होत्या. खाली आपलाच दुसरा माणूस यंत्राला टेकून मोबाइल पाहत उभा होता. मी ओरडून बास्केट खाली घ्यायला लावली, तर ऑपरेटर म्हणाला, “शेठ, टायर रबरी आहेत, करंट लागत नाही.”

हे ऐकून मी अधिकच धास्तावलो. या यंत्राला विद्युतरोधन नाही, असा इशारा आपल्याच बास्केटवरच्या अर्धवट पुसलेल्या इंग्रजी स्टिकरवर आहे. अशा यंत्रांच्या पुस्तिकांत ५० केव्हीपर्यंतच्या तारांपासून किमान ३ मीटर अंतर सांगितलेले असते आणि ते बास्केटच्या कठड्यापासून नव्हे, तर हातातल्या वस्तूच्या टोकापासून, तारेचा व बास्केटचा झोका धरून, मोजायचे असते. पन्हळ तारेला लागली असती तर सांगाड्यात वीज उतरून यंत्राला टेकलेला तो माणूसही वाचला नसता.

वीज वितरण कार्यालयाने येत्या गुरुवारी सकाळी १० ते १ लाईन बंद ठेवण्याचे मान्य केले आहे. त्या दिवशी तारांच्या अंतरावर नजर ठेवण्याखेरीज दुसरे काहीही न करणारा एक माणूस आणि हे नियम माहीत असलेला ऑपरेटर पाठवावा. लाईनमनने बंद लाईन अर्थ करून (जमिनीला जोडून) परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हाती देईपर्यंत बास्केट मागच्या बाजूला नेऊ दिली जाणार नाही. आयडल चार्ज वगळलेले आणि न झालेल्या कामाचे भाडे वजा केलेले बिल आल्यावरच रक्कम अदा केली जाईल.

आपला,
(सही)
भागीदार

सोबत : बिलाची प्रत, स्टिकरचे व मागच्या कोपऱ्याचे छायाचित्र.