काकू, त्या 17 ग्रॅमच्या झोपेबद्दल

ती. काकू,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही ‘थांब, चहा टाकते’ म्हणून उठता. गेली दहा वर्षं हेच चाललंय. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला उठता येणार नाही.

पहिल्या ऑक्टोबरात तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर आइस्क्रीमच्या डब्यातून हेझलनटची टरफलं ओतलीत आणि माझ्या हातात भिंग दिलंत. इंग्लंडमधल्या डेव्हनला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. इकॉलॉजी शिकायला आले होते आणि मनातून हिरमुसले होते. बिबट्या नाही, गवा नाही, इथे बघायचं तरी काय, असं मी तुम्हाला विचारलंसुद्धा. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, टरफलं निवडायला बसवलंत. सरळ दोन भकलं झालेली खारीची. भोकाच्या काठावर आडव्या बारीक रेघा असल्या तर ते उंदराचं नाहीतर व्होल नावाच्या उंदरासारख्याच प्राण्याचं काम. आणि काठ आतून गुळगुळीत, कानशीनं घासल्यासारखा, पण बाहेरच्या अंगाला दातांच्या तिरप्या खुणा, ते डॉरमाऊसचं, म्हणजे झाडांवर राहणाऱ्या, हिवाळाभर झोपणाऱ्या चिमुकल्या प्राण्याचं. शंभरेक टरफलांत तसली तीन निघाली. ती तुम्ही वेगळ्या वाटीत ठेवलीत, सोनार गुंजा ठेवतो तशी. 1993 साली असल्याच टरफलांवरून देशभर डॉरमाऊसचा शोध घेतला गेला, तेव्हा दवाखाना सुटल्यावर गमबूट घालून तुम्हीही हेझलखाली वाकला होतात, हे मला फार नंतर कळलं.

मग तो मे महिना. एक्सेटरजवळच्या त्या रानात सकाळी हाडं गारठली होती. डॉरमाऊससाठी झाडांना लावलेल्या, पक्ष्यांच्या घरट्यासारख्या लाकडी पेट्या, पण भोक खोडाच्या बाजूला. तुम्ही भोकात कापडाचा बोळा कोंबायचात आणि झाकण इंचभर सरकवायचात. पहिल्या पेटीत शेवाळ होतं, टिट पक्ष्याचं घरटं. मग चार पेट्या रिकाम्या. सहाव्या पेटीत हनीसकलच्या वेलीच्या सालीचे धागे काढून विणलेला गोळा, वर हेझलची हिरवी पानं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलंत. आत डॉरमाऊस थंडीनं आखडून झोपलेला होता, बेसनाच्या लाडवासारखा गोल आणि त्याच रंगाचा, झुबकेदार शेपटी तोंडावर ओढून घेतलेली. काट्यावर 17 ग्रॅम भरला. तुम्ही तो माझ्या तळव्यावर ठेवलात. हाताला गार लागला, आणि मग ऊब मिळाल्यावर घोरायला लागला. इतक्या लहान जिवाचं घोरणं, शिट्टीसारखं बारीक! मला रडू आलं. माझा बाबा गेला त्या वर्षी मी घरी जाऊ शकले नव्हते, आणि त्यानंतर माझ्या हातात असं विश्वासानं झोपलेलं कोणीच नव्हतं. तुम्ही कारण विचारलं नाहीत. वहीत वजन लिहिलंत, तारीख लिहिलीत, आणि त्याला परत ठेवायला मलाच सांगितलंत.

ॲडरची, म्हणजे इथल्या विषारी सापाची, गोष्ट वेगळी. देवरुखला आमच्या लहानपणी ‘फुरसं’ हा शब्द उच्चारला की घरात दिवे लागायचे. म्हणून डार्टमूरच्या माळरानावर एप्रिलच्या उन्हात तुम्ही बोट दाखवलंत तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. तुम्ही मिरजेत इंटर्न असताना सर्पदंशाचे पेशंट हाताळलेले. तुम्ही हळूच म्हणालात, ‘सावली पडू देऊ नकोस त्याच्यावर, बाकी त्याला तुझ्याशी काही देणंघेणं नाही.’ नुकतीच कात टाकलेला नर होता, चांदीवर काळी नागमोडी रेघ, लाल डोळा. फुरशासारखंच हे सापही अंडी घालत नाहीत, पिल्लंच जन्माला येतात, हे तुम्ही सांगितलंत आणि माझी भीती कुतूहलाच्या अंगानं वळली. त्या रात्री आईला फोन करून तासभर तेच सांगत होते.

पहिल्या नोकरीत साहेब म्हणाले होते, ‘इथल्या फील्डचा तुला अनुभव नाही.’ खोटं नव्हतं ते, पण म्हणण्याची तऱ्हा लागली. तुम्ही ते ऐकून फक्त कॅलेंडर काढलंत. पुढची दोन वर्षं दर महिन्याला मला पेट्यांवर नेलंत, प्रत्येक हाताळणीची नोंद ठेवलीत, आणि लायसन्सच्या अर्जावर माझ्यासाठी शब्द टाकलात. आज डॉरमाऊस हातात घेण्याचा परवाना माझ्या नावावर आहे तो त्या कॅलेंडरमुळे.

हॅल्डनच्या रानात रातवा पक्षी ऐकवलात, तो शिलाई मशीनसारखा अखंड चालणारा आवाज. आमचा कोकणातला रातवा ‘चक चक चक’ करतो, त्याचा हा आफ्रिकेहून येणारा भाऊ. बकफास्टलीला, वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज ऐकवणारा डिटेक्टर 80 किलोहर्ट्झवर लावून ग्रेटर हॉर्सशू वटवाघळं ऐकवलीत, पाण्याखाली कोणी गुणगुणावं तशी. आणि त्याच आठवड्यात एका शेतकऱ्याच्या बांधावर उभं राहून त्याला समजावलंत की गायींना दिलेलं जंताचं औषध शेणात उतरतं, शेणातले भुंगे मरतात, आणि त्या भुंग्यांवर पोसणारी ही वटवाघळं उपाशी राहतात. डॉक्टर पेशंटच्या आईशी बोलते त्या सुरात. पुढच्या वर्षी त्यानं औषध देण्याचा महिना बदलला.

2000 सालापासून या देशातले डॉरमाऊस 70 टक्क्यांनी घटलेत. आपल्याही रानात गेल्या तीन मोसमांत पेट्या जास्त रिकाम्या निघाल्या. तुम्ही प्रत्येक रिकाम्या पेटीपुढे तेवढ्याच नीट अक्षरात शून्य लिहिता. मला सुरुवातीला ते शून्य लिहायला हात धजत नसे. आता लिहिते, तुमच्यासारखंच, गोल पूर्ण करून.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ‘आता तूच जा’ म्हणताय. ते जमणार नाही. स्टूल, काठी आणि थर्मास माझ्या गाडीत ठेवलाय. रस्त्याकडेच्या पहिल्या 12 पेट्या तुम्ही बसून बघा, उतारावरच्या मी बघते. शनिवारी सातला येते. चहा मी आणते.

तुमची,
देवरुखची