भरती-ओहोटीच्या चौकटीत अल्गोलही द्या

महोदय,

आपल्या अंकातली भरती-ओहोटीची चौकट आम्ही देवगडकर रोज बघतो. जुन्या माणसांना तिचीही गरज पडत नाही, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्याच चौकटीत हिवाळ्यापुरती आणखी एक ओळ द्यावी, ही विनंती: ययाती तारकासमूहातला अल्गोल कोणत्या रात्री, किती वाजता सर्वांत मंद होणार.

अल्गोल म्हणजे जोडतारा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंद जोडीदार तेजस्वी ताऱ्याच्या आड येतो आणि उजेड जेमतेम तिसऱ्या हिश्शावर उतरतो. हे ग्रहण असावे, असे १७८३ मध्ये जॉन गुडरिक या कर्णबधिर मुलाने सुचवले, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

गेल्या मार्गशीर्षात वाडीतली मुले घेऊन सड्यावर बसलो होतो. पाचवीतली एक पोर दर अर्ध्या तासाने शेजारच्या ताऱ्याशी ताडून वहीत लिहीत होती. साडेनऊला ‘जास्त ठळक’, अकराला ‘सारखोच’. मग पेन्सिल टाकून ओरडली, “गुरुजी, तारो इझाक लागलो!”

अशाच ग्रहणांच्या वेळा नोंदून गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची परीक्षा होते. शौरी समूहातल्या ‘डीआय हर्क्युलिस’ या जोडीची कक्षा लांबट आहे. ती कक्षा स्वतःही हळूहळू वळते, म्हणून दोन ग्रहणांमधले अंतर वर्षानुवर्षे सरकत जाते. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचा हिशेब मिळून हे वळणे शतकाला चार अंशांहून थोडे जास्त यायला हवे होते. दिसत होते सुमारे एक अंश! आइन्स्टाइन चुकला म्हणत पर्यायी सिद्धांतही मांडले गेले. अखेर २००९ मध्ये कळले की ते दोन्ही तारे कलंडून, जवळजवळ आडवे पडून स्वतःभोवती फिरतात आणि त्यामुळे कक्षा उलट्या बाजूला रेटली जाते. ते धरताच हिशेब जुळला. न जुळणारा आकडा इतकी वर्षे कोणी दडपला नाही, मला याचेच मोल सर्वांत जास्त वाटते. मुलांना हे ऐकवले, तर त्यांचा पुढचा प्रश्न होता, “आता परत कधी?”

हंगामातली पहिली वेळ तेवढी अचूक छापा. दर तीन दिवसांनी ती सुमारे सव्वातीन तास अलीकडे येते. पुढच्या वेळा मुले वहीत काढतील.

– एक निवृत्त शिक्षक, देवगड