शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला काय लिहायचं

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुमच्या नव्या इमारतीच्या पायात पत्रांची पेटी पुरणार आणि प्रत्येक घराने शंभर वर्षांनी वाचणाऱ्यासाठी एकेक पान द्यायचं, असं तू आईला सांगितलंस. काय लिहू म्हणून विचारलंस. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली, त्यामुळे अनोळखी माणसाला उद्देशून लिहिलेलं म्हटलं की मला जमीनच आठवते.

जुने ताम्रपट बघ. राजा गाव दान देतो, पूर्वेला काय, पश्चिमेला काय अशी चतुःसीमा सांगतो, आणि शेवटी पुढच्या राजांना बजावतो. 'स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्'. आपण दिलेली असो की दुसऱ्याने, ती जमीन जो काढून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. कोकणातल्या शिलाहार राजांनी तर भीड ठेवलीच नाही. दगडावर वर चंद्र-सूर्य, मधे लेख, खाली गाढव आणि बाई. गद्धेगाळ म्हणतात त्याला; बापाने लेकीला याहून जास्त फोड करून सांगायला नको. लिहिता न येणाऱ्यालाही शिवी कळावी म्हणून चित्र. चंद्र-सूर्य असेतो दान चालावं ही इच्छा, आणि पुढचा माणूस चोरच निघणार ही खात्री! हे वाद निस्तरण्यात हयात गेल्यामुळे मला त्यांचा राग येत नाही, इतकंच.

दुसरी तऱ्हा स्वतःची थोरवी लिहिण्याची. 1973 साली इंदिरा गांधींच्या सरकारने लाल किल्ल्यात कालपात्र पुरलं. ते पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी होतं. त्यात घराण्याची स्तुती भरलीय म्हणून ओरड झाली आणि 1977 मधे जनता सरकारने ते उकरून काढलं. जेमतेम चार वर्षं मातीत राहिलं.

आता सोलापूरकडे ये. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा लेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्याचा शेवट असा: 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचेल तो विजयी होवो. मान वर करून दोन-तीन ओळी वाचायच्या, एवढंच काम, आणि त्याबद्दल थेट विजय! वाचणारा कोण, कुठला, त्याची दानत कशी, कसलीही चौकशी नाही. मला विचारशील तर हजार वर्षांत याच्या तोडीचं पत्र कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

तेव्हा तुमच्या बिल्डरचं, कमिटीचं कौतुक बाकीची घरं लिहितीलच. रीडेव्हलपमेंटमधे किती वर्षं भाड्याच्या घरात काढली तेही कुणीतरी लिहील. तू वाचणाऱ्याविषयी लिही. त्याला पाणी दिवसभर येवो म्हण, जिना चढताना दम न लागो म्हण.

पेनाची शाई उडते, पेन्सिलीने लिही. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नकोस. आणि तू हसशील, पण खाली सर्व्हे नंबर टाक. शंभर वर्षांनी त्याचीच सगळ्यांत जास्त गरज पडेल.

तुझा,
बाबा