रोजातली सूटही समजून घ्या

संपादक महोदय,

रमजान आला की राबोडी-मुंब्र्याबाहेरचे शेजारी हमखास विचारतात, ‘पाणीसुद्धा नाही?’ खरंच नाही. सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं खाणं, सूर्योदयाला नव्हे, पहाट फुटताच संपते. आपल्याकडे हे अंतर साधारण सव्वा तासाचं. मोबाइलवरची सूर्योदयाची वेळ धरून खाल्लं तर तो रोजा होत नाही, नंतर भरून द्यावा लागतो. इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडायला, मात्र सूर्यास्तानंतर मुद्दाम उशीर करू नये.

विसरून पाणी प्यायल्यास हनफी आणि शाफई या इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरांच्या मतानुसार रोजा मोडत नाही, आठवताच थांबायचं. आजारी, प्रवासी, गरोदर यांना सूट आहे, राहिलेले रोजे पुढे धरता येतात. आजार कायमचाच असेल तर दर रोजामागे एका गरिबाला जेवण द्यायचं, तो फिद्या.

म्हणून मधुमेहींना कळकळीची विनंती: गोळ्या-इन्सुलिनच्या वेळा रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून बदलून घ्या आणि साखर ७०च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडा. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. कुराणात रोजाचा हेतू ‘तकवा’, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून वागणं, असा सांगितला आहे. खोटं बोलणं, चहाडी करणं टाळलं नाही, तर उरते ती नुसती भूक.

— एक वाचक, राबोडी, ठाणे