तिसरा रकाना भरायला तीन वर्षे लागतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टवर आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर पुण्याहून बहिणीने पाठवला. मराठी वर्तमानपत्राने या निवडीला अर्धे पान दिले याचा आनंद झाला, पण सोबतचा तक्ता खटकला. ३२ संघांना ‘उत्तम’पासून ‘नापास’पर्यंत शेरे, आणि तेही ड्राफ्ट संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. निवडलेल्या अडीचशे मुलांपैकी एकानेही अजून व्यावसायिक सामन्यात पाऊल टाकलेले नाही. मी बरीच वर्षे न्यू जर्सीत, फिलाडेल्फियाच्या नदीपलीकडे राहते. ‘ईगल्स’ हा आमच्या घरचा संघ. असले झटपट शेरे या शहरावर कसे उलटले ते इथल्या चाहत्यांकडून इतक्यांदा ऐकले आहे की गप्प राहवेना.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी थोडा खुलासा करते. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंतून संघ आळीपाळीने एकेकाला निवडतात आणि गेल्या हंगामात जो तळाला, त्याचा नंबर पहिला. सात फेऱ्या, तीन दिवस. दुबळ्या संघाला आधी घास मिळावा ही कल्पना बर्ट बेल यांची, आणि ते ईगल्सचेच मालक. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला तोही फिलाडेल्फियातच, रिट्झ-कार्लटन हॉटेलात. तळाच्या ईगल्सने सर्वांत आधी जे बरवँगर याला निवडले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू म्हणून त्याचा नुकताच गौरव झाला होता. दुसऱ्या दिवशी तक्ता निघाला असता तर ईगल्सला पैकीच्या पैकी गुण पडले असते. बरवँगर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

आता १९९९ सालचे सांगते. आदल्या हंगामात ईगल्सने १६ पैकी १३ सामने हरले होते. चाहत्यांना हवा होता रिकी विल्यम्स, चेंडू घेऊन पळणारा धिप्पाड गडी. इथल्या एका रेडिओ कार्यक्रमाने तीसेक चाहत्यांना न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेले. ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर डोनोव्हन मॅकनॅब या क्वार्टरबॅकचे (चाली चालवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचे) नाव घेतले आणि या मंडळींनी हुर्यो उडवली. २२ वर्षांचा मुलगा आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी मंचावर येतो, आणि ज्यांच्यासाठी तो खेळणार तीच माणसे त्याची हुर्यो उडवतात. ते चित्रण आजही दाखवतात आणि ते मला आजही बघवत नाही. याच मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा विभागीय अंतिम सामन्यात नेले, एकदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचवले. २०१३ साली त्याचा ५ क्रमांक क्लबने सन्मानाने निवृत्त केला. न्यू ऑर्लीन्सच्या संघाने विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या आपल्या निवडीच्या सगळ्या पाळ्या दुसऱ्या संघाला देऊन टाकल्या, आणि तीन हंगामांनंतर त्याला मायामीला सोपवले.

आमच्या शेजारचे आजोबा त्या दिवशी घरी टीव्हीसमोर होते. (इथल्या रीतीप्रमाणे माझी मुले त्यांना ‘पॉप-पॉप’ म्हणतात.) तेही ओरडले, असे त्यांनीच मला सांगितले. तेव्हापासून ते एक वही ठेवतात. पिवळ्या कागदाची, पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिल्यात खेळाडूचे नाव आणि तो कितवा निवडला गेला, दुसऱ्यात त्या दिवशीचे आपले गुण. तिसरा रकाना कोरा. तो तीन वर्षांनी, त्या वर्षीच्या एप्रिलच्या ड्राफ्टआधी भरायचा, आणि दुसऱ्या रकान्यातले काहीही खोडायचे नाही. मॅकनॅबसमोर दुसऱ्या रकान्यात मोठे शून्य आहे. कागद तिथे पेनाने फाटला आहे.

मी हा खेळ त्या वहीतून शिकले. २०१०च्या पानावर ब्रँडन ग्रॅहम आहे, तेरावा. त्याच्या लगेच पुढच्या क्रमांकावर सिॲटलने अर्ल थॉमसला घेतले, आणि थॉमस बघता बघता मोठा खेळाडू झाला. ग्रॅहमचा पहिल्याच हंगामात गुडघा गेला. वर्षानुवर्षे इथले लोक त्याला ‘वाया गेलेला’ म्हणत. आजोबांच्या तिसऱ्या रकान्यातही २०१३ साली फार बरे लिहिलेले नाही, म्हणजे तीन वर्षेसुद्धा कधी कधी अपुरी पडतात. ४ फेब्रुवारी २०१८ला सुपर बोलमध्ये शेवटची दोन-अडीच मिनिटे उरली असताना याच ग्रॅहमने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातातला चेंडू उडवला आणि ईगल्सने आपला पहिला सुपर बोल जिंकला. चेंडू ताब्यात घेणारा डेरेक बार्नेट होता. २०१७ साली ड्राफ्ट फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या पायऱ्यांवर झाला, तेव्हा निवडलेला.

२०११चे पान तर मी सगळ्यांना दाखवते. पहिल्या फेरीत डॅनी वॉटकिन्स, सहाव्या फेरीत १९१वा जेसन केल्सी. वॉटकिन्सला दोन वर्षांत सोडून दिले. केल्सी तेरा हंगाम खेळला आणि २०२४ साली निवृत्त झाला तेव्हा हे शहर घरातला माणूस गेल्यासारखे रडले.

आणि २०२०. करोनामुळे ड्राफ्ट घरबसल्या झाला. कार्सन वेन्ट्झशी वर्षभरापूर्वीच मोठा करार झालेला असताना ईगल्सने दुसऱ्या फेरीत ५३व्या क्रमांकावर आणखी एक क्वार्टरबॅक घेतला, जेलन हर्ट्स. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. ‘पैसे एकाला देतात आणि घेतात दुसऱ्यालाच’ म्हणून तो जेवणावरून उठून गेला. मीही दहापैकी दोन गुण दिले. आदल्या रात्रीच्या जेलन रेगरला मात्र आम्ही सगळ्यांनी आठ दिले होते, आणि त्याच्या पुढच्याच क्रमांकावर मिनेसोटाने घेतलेला जस्टिन जेफरसन आज लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरांपैकी (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांपैकी) आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये मुलाने आजोबांच्या स्वयंपाकघरात बसून हर्ट्ससमोरचा तिसरा रकाना स्वतःच्या हाताने भरला. पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवले आणि सामन्याचा मानकरी हर्ट्सच ठरला.

चाहत्यांनी मत देऊच नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याला काळजी आहे तोच रात्री जागून सातव्या फेरीतल्या मुलाची उंची-वजने बघतो. २०१८ साली याच फेरीत ईगल्सने जॉर्डन मायलाटाला घेतले. ऑस्ट्रेलियातला हा रग्बी खेळाडू तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. त्या रात्री शंका काढणे हा चाहत्यांचा हक्कच होता. मायलाटाने पुढे जे केले तेही त्याच चाहत्यांनी लिहून ठेवायला हवे होते, कारण शेरा जितक्या मोठ्याने दिला तितक्याच मोठ्याने तो दुरुस्त होत नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या वर्षी तक्ता जरूर छापा, मी आवडीने वाचीन. फक्त त्याच्या शेजारी तीन वर्षांपूर्वीच्या ड्राफ्टचाही तक्ता छापा, तेव्हा दिलेल्या शेऱ्यांसकट, तेवढ्याच टाइपात. आयपीएलच्या लिलावानंतरही हेच करता येईल. जुने शेरे जुळवायला मदत लागली तर आजोबांच्या वहीतली पाने मी पाठवू शकेन. त्यांना विचारले आहे, त्यांची हरकत नाही.

आपली,
एक वाचक
चेरी हिल, न्यू जर्सी