पंखांचे जोडे

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे रेखाटन मिळाले. तुमच्या धावकांच्या मंडळासाठी पंख लावलेला बूट हे बोधचिन्ह घ्यावे की नाही, याबद्दल तू माझे मत विचारले आहेस. ते अवश्य घ्यावे, असेच मला वाटते. मात्र रेखाटनाखाली तू लिहिलेला ‘वेग’ हा शब्द मला पटला नाही, आणि त्याचे कारण जरा विस्ताराने सांगतो.

हे जोडे मुळात ग्रीकांच्या हर्मीसचे, म्हणजे देवांच्या निरोप्याचे. गंमत अशी की होमरच्या काव्यात त्यांना पंख असल्याचा उल्लेखच नाही. ते सोन्याचे आहेत, अविनाशी आहेत आणि वाऱ्याच्या झोतासरशी हर्मीसला समुद्रावरून व अफाट भूमीवरून घेऊन जातात, एवढेच तिथे म्हटले आहे. हे वर्णन ‘इलियड’च्या चोविसाव्या सर्गात येते आणि ‘ओडिसी’च्या पाचव्या सर्गात त्याच शब्दांत पुन्हा येते. आता प्रसंग कोणते ते पाहा. पहिल्या ठिकाणी ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम आपल्या मुलाचे, हेक्टरचे, प्रेत ग्रीक योद्धा अकिलीसच्या छावणीतून मागून आणायला निघाला आहे आणि त्याला शत्रूच्या पहाऱ्यातून सुखरूप नेण्याचे काम देवांचा राजा ज्यूसने हर्मीसवर सोपवले आहे. दुसऱ्या ठिकाणी कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर सात वर्षे अडकलेल्या ओडिसियसला घरी जाऊ द्यावे, ही आज्ञा तिला कळवायला हर्मीस निघाला आहे. दोन्ही वेळा जोडे बांधले जातात ते कोणीतरी घरी परतावे म्हणून.

पंख स्पष्टपणे दिसतात ते ग्रीक वीर पर्सियसच्या कथेत. हेसिअडच्या नावावर असलेल्या, हेराक्लीसच्या ढालीवरील काव्यात पर्सियसच्या पायांत पंखांचे जोडे आहेत. मेड्युसा या राक्षसिणीचे डोके कापायला त्याला तलवार पुरली असती, परंतु तिच्या दोघी अमर बहिणी पाठलागावर आल्या तेव्हा निसटायला जोडेच हवे होते. शिवाय ते त्याच्या मालकीचे नव्हते. अप्सरांकडून मागून आणलेले ते जोडे काम झाल्यावर त्याने हर्मीसच्या हाती दिले आणि हर्मीसने ते अप्सरांना परत केले. आपल्याकडच्या पुत्रकाची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पैठणच्या सातवाहनाशी जिचा धागा जोडला जातो त्या बृहत्कथेवरून सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात मयासुराची दोन मुले उडत्या पादुका, काठी आणि भांडे यांच्यासाठी भांडत असतात, आणि हा पुत्रक त्यांना शर्यत लावायला सांगून, ते धावू लागताच, सगळे घेऊन आकाशात पसार होतो. आपला नायक हुशार खरा, पण पादुका परत करण्याच्या बाबतीत पर्सियसच सरस!

वेगाचा अर्थ बहुधा पुढच्या काळात चिकटला. फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात जाम्बोलोन्या याने सोळाव्या शतकात घडवलेला ब्रॉन्झचा मर्क्युरी, म्हणजे रोमनांचा हर्मीस, आहे; तो एका पायाच्या चवड्यावर असा तोललेला आहे की क्षणात उडेल असे वाटावे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे 1898 मध्ये गुडइयर कंपनी काढणाऱ्या फ्रँक सायबरलिंग यांच्या घरी जिन्यापाशी मर्क्युरीचाच एक पुतळा होता, आणि त्यावरून त्यांना कंपनीच्या नावाच्या मधोमध पंखवाला पाय बसवण्याची कल्पना सुचली. टायर विकणाऱ्याला वेग हवा, हे ठीकच आहे. पुढे कंपनीने याच पायाचे नाव वायूने भरलेल्या एका हवाई जहाजाला दिले. 21 जुलै 1919 रोजी ते शिकागोवर पेटले आणि एका बँकेच्या काचेच्या छतातून आत कोसळून 13 माणसे मेली. चिन्हाचा यात काही दोष नाही, हे मलाही कळते.

मला खरा भावलेला उपयोग दुसऱ्या महायुद्धातला आहे. 1941 मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश हवाई दलात ‘लेट अरायव्हल्स क्लब’ नावाची एक अनौपचारिक मंडळी जमली. विमान पडल्यावर शत्रूच्या प्रदेशातून पायी चालत आपल्या तळावर पोचलेला वैमानिक तिचा सभासद होई, आणि त्याला पंख लावलेल्या बुटाचा बिल्ला मिळे. पुढे युरोपात शत्रूला चुकवून परतलेल्या अमेरिकन वैमानिकांनीही तो उचलला. अधिकृत मान्यता नसल्यामुळे कित्येक जण तो कोटाच्या कॉलरच्या पट्टीखाली लपवून लावत. ज्यांचे विमान गेले आणि पाय तेवढे उरले, त्यांच्या बुटाला पंख! होमर कोणाच्या मनात होता की नाही कोण जाणे, पण चिन्ह मात्र आपल्या मूळ अर्थाजवळ पोचले.

तुमच्या मंडळात साठीचे लोकही धावतात आणि शेवटचा गडी येईपर्यंत कोणी घरी जात नाही, असे तूच मागे लिहिले होतेस. तेव्हा ‘वेग’ काढून टाक आणि खाली मंडळाचे नाव तेवढे ठेव. पंखही बुटाच्या टोकाशी काढले आहेस, ते घोट्याशी घे. ग्रीक भांड्यांवरील चित्रांत ते तसेच आढळतात, आणि शिवणकाम करणाऱ्यालाही ते सोपे जाईल. सुधारलेले रेखाटन छपाईला देण्याआधी मला पाठव.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव