आईची कावीळ ‘ब’ आणि बाळाचा पहिला दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आईला कावीळ ‘ब’ (हिपॅटायटिस बी), पाठोपाठ दोन्ही लेकींनाही. म्हणजे दुखणं घराण्यातलंच, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. हे आनुवंशिक नव्हे. बाळंतपणात आईच्या रक्तातून विषाणू बाळात जातो. जन्मताच लागण झालेल्या १० पैकी सुमारे ९ बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. मोठ्या माणसांत हेच प्रमाण १०० त ५ हून कमी.

जनुकांचा काहीच हात नाही असं नाही. कोणाचं शरीर विषाणूला हुसकावून लावेल, हे काही अंशी एचएलए-डीपी जनुकांवर ठरतं. हिपॅटायटिस ‘सी’ या दुसऱ्या प्रकारात आयएल-२८बी या जनुकावर. पण या चाचण्यांनी गरोदर बाईचे उपचार बदलत नाहीत, तेव्हा त्यावर पैसे घालवू नयेत. घराण्याची चौकशी एका बाबतीत मात्र जरूर करावी. सातव्या महिन्यानंतर पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजतात, रात्री जास्त. हे पित्त तुंबल्याचं लक्षण असू शकतं. एबीसीबी४ सारख्या जनुकांतल्या दोषामुळे ते आई-बहिणींतही आढळतं, आणि हिपॅटायटिस ‘सी’ असलेल्या गरोदर स्त्रियांत अधिक. ‘उष्णता झाली’ म्हणून खोबरेल चोळत बसू नये, रक्तातलं बाइल ॲसिड (पित्तातलं आम्ल) तपासावं. ते लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या वर गेलं तर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. मग साधारण ३६ व्या आठवड्यात प्रसूती करतात.

कावीळ ‘ब’साठी पहिल्या तिमाहीतच एचबीएसएजी, म्हणजे लागण आहे का हे सांगणारी रक्ततपासणी हवी. पॉझिटिव्ह आल्यास व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, पाहावा. तो २ लाख युनिट प्रति मिली किंवा जास्त असेल, अथवा ती सोय नसताना एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल, तर २८ व्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर ही विषाणू दाबणारी ३०० मिग्रॅची गोळी रोज एक. प्रसूतीनंतर गोळी परस्पर बंद करू नये, यकृताची सूज उसळू शकते. बाळाला एका मांडीत अर्धा मिली लस २४ तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो १२ तासांत. पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे ‘ब’सह पाच रोगांवरची एकत्र लस. केवळ यासाठी सिझेरियन नको, अंगावरचं दूध चालतं.

घोळ होतो तो भलतीकडेच. सासर वाईला, माहेर जतला; फाइल वाईत राहते आणि कळा जतला सुरू होतात. ऊसतोडीला आलेल्या बाईचं कार्ड तर गावाकडच्या पेटीत. रविवारी जन्मलेल्या बाळासाठी १० डोसची कुपी फोडायची कशाला, उद्या बीसीजीबरोबर देऊ, असं होतं. वास्तविक नियमाप्रमाणे २ ते ८ अंशांत ठेवलेली उघडी कुपी २८ दिवस चालते. उलट बर्फाला टेकून गोठलेली लस, दिसायला ठीक असली तरी, फेकूनच द्यावी. इम्युनोग्लोब्युलिन कळा सुरू झाल्यावर शोधायचं औषध नव्हे. आठव्या महिन्यातच त्याची तजवीज करावी. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी व औषधं मोफत आहेत. सांगली किंवा साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये चौकशी करावी.

बाळाची एचबीएसएजी व अँटी-एचबीएस (संरक्षक प्रतिपिंडांची) तपासणी ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान करावी. त्याआधी केली तर आयती टोचलेली प्रतिपिंडंच दिसतात. नवरा, बहिणी आणि आधीची मुलं यांचंही रक्त आईची लागण कळताच तपासून घ्यावं. ज्यांना लागण नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही, त्यांना ०, १, ६ महिन्यांच्या अंतराने लस मिळते.

आपले,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ व एक बालरोगतज्ज्ञ, मिरज